पॅनेलपुढचा नारळ

शी! सहदेवाला त्या पॅनेलजवळ जायचीसुद्धा किळस यायला लागली होती. ब्याऐंशी साली मोहोपाड्याच्या त्या रंगाच्या कारखान्यात टाक्यांचं तापमान आपोआप वाचणारं नवंकोरं यंत्र आलं, आणि त्याच्या छाताडावर काय? हळद, कुंकू, नारळाच्या पाण्याचे ओघळ आणि मुंग्या!

पहाटपाळीला आकडे टिपायला कायम मंगळ्याच बसायचा, आणि तो बसला की आकड्यांचा खेळखंडोबा व्हायचा. मग साहेब यंत्र बंद करायचे, नारळ फोडायचे आणि पुन्हा चालू करायचे. यंत्र सुतासारखं सरळ! झालं, नारळ लागू पडतो आणि आदिवासी वाडीवरच्या मंगळ्याचा पायगुण वाईट, अशी सगळ्यांची खात्रीच पटली. त्याच्या खुर्चीवर गोमूत्र शिंपडायलाही कमी केलं नाही मेल्यांनी. येत्या शनिवारी त्याला कामावरून काढायचं ठरलं होतं.

"सहदेवदादा, मी कशाला हातबी लावत नाय," मंगळ्या म्हणाला.

"ठाव हाय रं मला."

सहदेव शेलू गावचा. यंत्राचा प्रोग्राम सांभाळायचं काम त्याचं. ओळीमागून ओळ वाचत गेला आणि त्यानं कपाळावर हात मारला. तीन टाक्यांचं तापमान मोजणाऱ्या तीन चिपा एकाच तारेवरून बोलायच्या. प्रत्येकीला हाक मारायची तार मात्र वेगळी. ती खाली ओढली की तिनंच बोलायचं, बोलणं संपलं की तार वर सोडायची, मग दुसरीला हाक. पण पहाटे पहिल्या टाकीत थंडगार पाणी भरत. आकडा हद्दीखाली गेला की प्रोग्राम घाबरून मधूनच पळ काढायचा, तार न सोडता! मग पहिली गप्प बसत नसे आणि दुसरीही तोंड उघडायची, की झाली आकड्यांची सरमिसळ. नळावरची भांडणं परवडली. नारळासाठी यंत्र बंद केलं की तारा आपोआप सुटत. एवढाच तो चमत्कार!

पळवाटेवरही तार सोडायची, अशी ओळ त्यानं घातली. शनिवारी पहाटे साहेब आणि मंगळ्या दोघांसमोर टाकीत थंड पाणी सोडलं. नारळाविना आकडे ठणठणीत.

"म्हणजे दोष प्रोग्रामचा होता तर," साहेब म्हणाले. "बसू दे मंगळ्याला. फक्त आधी एक नारळ फोडू. आणि खुर्चीवर जरा शिंपडा रे. उगाच विषाची परीक्षा कशाला?"

सहदेव उसळला. "साहेब, जनाची नाही तर मनाची तरी लाज बाळगा!"

मंगळ्या खुर्चीकडे बघत राहिला. "बसा तुमीच," तो म्हणाला. "थुकलेल्या ताटात मी जेवत नाय." आणि तो फाटकाबाहेर चालता झाला. सहदेव मागं धावला, हाका मारल्या, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

सहदेव परत आला तेव्हा नारळ फुटला होता.

त्यानंतर आकडे कधी म्हणून चुकले नाहीत. चुकणार कसे? आणि सगळा कारखाना खोबरं चघळत म्हणायला लागला, "बघा, मंगळ्या गेला आणि यंत्र सुधारलं!"

कुणीतरी सहदेवाच्याही हातावर तुकडा ठेवला. तो त्यानं गटारात भिरकावला आणि नळाखाली हात चोळचोळून धुतले.