वाचनालयातला रेडिओ आणि पुंजाजींची रुक्मिणी

मित्रांनो, मेहकरच्या वाचनालयात कपाटावर जो धुळकट खोका दिसतो ना, तो मी. मी एक जुना रेडिओ आहे. माझं तोंड बंद होऊन कैक वर्षं लोटली, पण तक्रार नाही. मला माणसं फार चांगली मिळाली.

मी इथे आलो तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि नागपूर आमची राजधानी होती. गावात वीज नव्हती. मी बॅटरीवर चालायचो. पत्र्याच्या छपरावर दोन बांबूंना ताणलेली तांब्याची तार हे माझे कान. वाचनालयाचे शिपाई निवृत्ती मला रोज मऊ फडक्याने पुसायचे. त्यांचे उपकार मी कसे फेडू?

बाजारभाव ऐकायला ही गर्दी व्हायची! पण रविवारी संध्याकाळी नागपूर केंद्रावरून तिथल्या विद्यापीठातर्फे शास्त्रीय संगीत लागलं, की उरायचे दोघेच, निवृत्ती आणि पुंजाजी. पुंजाजींचा भाजीचा मळा होता. त्यांची नजर जवळजवळ गेली होती, पण कान तिखट. आपली मुलगी रुक्मिणी त्यांनी गाणं शिकायला नागपूरला धाडली होती. तेव्हापासून थोरले भाऊ हिंमतराव त्यांच्याशी बोलत नव्हते. "पोरीले गानं शिकोतं? लोक तोंडात शेन घालतीन!" हे त्यांचं शेवटचं वाक्य.

मग एक दिवस नागपूरहून कार्ड आलं. येत्या रविवारी साडेसहाला रुक्मिणी विद्यापीठाच्या कार्यक्रमात गाणार होती. पंधरा मिनिटं, तीही थेट. हुकलं की हुकलं.

त्या रविवारी वाचनालयाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. हिंमतरावही आले. रक्ताचं नातं ते, किती दिवस रुसणार? पण भावाशी बोलायला जीभ रेटेना. शुभकार्याला तोरण हवंच, म्हणून निवृत्ती सतरंज्या आणायला गेले असताना हिंमतरावांनी शिडी लावली आणि आंब्याच्या डहाळ्यांचं भलंमोठं तोरण बांधलं. कुठे? माझ्या तारेला! ओझ्याने तार झुकली आणि पत्र्याला टेकली. मी ठार बहिरा झालो.

साडेसहा वाजले. निवृत्तींनी बटण फिरवलं. नुसती खरखर. त्यांनी ते पुन्हा फिरवलं, तरी तेच. मला सगळं कळत होतं, पण सांगू कसा? स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

पुंजाजींनी हात वर केला. "चूप बसा बे जरा! पत्र्यावर पाला घासून राह्यला. तार तं नाही टेकली?"

हिंमतरावांचा चेहरा पडला. ते तसेच धावत बाहेर गेले आणि लांब बांबूने तार उचलून धरली.

माझ्यातून पूरिया राग उमटला. रुक्मिणीचा आवाज! पाच मिनिटं वाया गेली होती, दहा उरली होती. ती दहाही मिनिटं साठीचे हिंमतराव बांबू धरून बाहेर उभे होते. दंड थरथरत होते, पण तार हलू दिली नाही. मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

गाणं संपलं. पुंजाजी चाचपडत माझ्यापाशी आले, माझ्या जाळीला तोंड लावून म्हणाले, "रुक्मे, आयकलं वं माय. लय गोड गायली."

मित्रांनो, मला फक्त ऐकवता येतं. पलीकडे निरोप पोचवणं माझ्या हाती नव्हतं. हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार?

हिंमतराव दारात उभे होते. कितीतरी दिवसांनी ते भावाशी बोलले. "पुंजाजी, त्याच्यातून आवाज नाही जात बाप्पा तिच्यापाशी. मी जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीने ते शेगावला गेले आणि तिथून आगगाडीने नागपूरला.

म्हणून माझी एकच विनंती आहे. मला पुसा, जपा, मला आनंदच होईल. पण कोणाचं गाणं आवडलं, तर माझ्या कानात सांगून थांबू नका. त्याच्या घरी जा.