बुंदीचा पट्टा

दोन खिळे, तांदळाच्या दाण्याएवढे, टोकाशी बोथट... आणि त्यांतल्या एकाला पांढरे केस चिकटलेले. शकूने ते नखाने ओढून पाहिले, सुटेनात. वाळलेल्या रक्ताने धरून ठेवले होते. काडेपेटीएवढी काळी डबी, तिच्यातून वर आलेले हे खिळे, आणि डबीला ओवलेला पट्टा – पट्ट्याची मूळची भोकं दांडग्या कुत्र्याच्या मानेची, म्हणून तिच्या नवऱ्याने, प्रविणने, दाभणाने नवी पाडली होती, आणि उरलेलं टोक बुंदीच्या पुढच्या पायांत लोंबायचं. बुंदी म्हणजे तरी काय, एवढीशी पांढरी कुत्री, उभी राहिली तर शकूच्या घोट्याच्या थोडी वर; भिजली की मांजरीएवढीसुद्धा उरायची नाही. शेळीच्या पाठीवर हत्तीची झूल घालावी तसं ते ओझं ती बिचारी पावसाळा लागल्यापासून वागवत होती.

आज सकाळी घरातल्यांची नजर चुकवून शकूने पट्टा सोडला होता, मानेवरच्या जखमांना हळद आणि खोबरेल लावलं होतं. बुंदीने हूं की चूं केलं नाही. तेच शकूला खात होतं. हात चाटला असता, निदान गुरगुरली असती... ती नुसती अंग ताठ करून, तोंड भिंतीकडे फिरवून बसून राहिली. पट्ट्याला भ्यायली असेल, शकूने मनाला समजावलं, पट्ट्यालाच, मला कशी भिईल – रोह्याहून एस.टी.त मांडीवरच्या पिशवीत घालून आणली मी तिला, कंडक्टरच्या धाकाने नागोठण्यापर्यंत डोकं बाहेर काढू दिलं नाही, आणि गडब गेल्यावर ती माझ्याच पदरात ओकली...

माहेरचं तेवढंच एक उरलं होतं. भांडी, कपाट, सगळं हळूहळू सासरचं होऊन गेलं. बुंदी तेवढी शकूची राहिली. शकूने हाक मारली की असेल तिथून कान मागे टाकून धावत यायची, दुसऱ्या कुणाच्या हाकेकडे ढुंकूनही बघायची नाही. याचा शकूला गर्व होता. दुसऱ्या कशाचाच नव्हता इतका होता.

आणि त्या धावण्यानेच घात केला. अंगणातल्या मांडवात कच्चे गणपती फळ्यांवर वाळत होते, बुंदी पलीकडे रस्त्याच्या कडेला, आणि शकूने पडवीतून हाक मारली. बुंदी आपली सरळ वाटेने आली, मांडवातून, आणि एक आख्खी फळी कलंडली. हैबतराव, शकूचे सासरे, तुटलेल्या सोंडा एकेक करून वेचत बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "वडखळच्या नाक्यावर सोडून या तिला." नाक्यावर सोडलेल्या कुत्र्यांचं काय होतं हे पेणमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. हायवेवरचे ट्रक कुत्र्यासाठी थांबत नाहीत.

तेव्हा प्रविणला अफान आठवला. शाळेपासूनचा दोस्त, मस्कतला एका साहेबाच्या बंगल्यावर कामाला. साहेबाचा अल्सेशियन मेला तेव्हा त्याचं हे सामान अफान घरी घेऊन आला होता. मांडवाभोवती जमिनीत तार पुरायची, तारेचं टोक भिंतीवरच्या पेटीला, पेटी विजेला. कुत्रं तारेजवळ आलं की गळ्यातली डबी आधी टुकटुकते, तरी पुढे गेलं तर झटका. सापही मरावा आणि काठीही मोडू नये. "मोठ्या कुत्र्याचं हाय रे ते," अफान म्हणाला होता, "हिला झेपंल काय?"

"बारीकवर ठेवू," प्रविण म्हणाला.

ठेवलं बारीकवर. अल्सेशियनचं बारीक. आणि 'चालेल' म्हणणारी पहिली शकूच होती, घाईघाईने, कुणी विचारायच्या आत... वडखळपेक्षा काहीही चाललं असतं तिला.

शिकवायची रीत मात्र घरची. पोर एकदा भाजलं की चुलीकडे जात नाही, सासूबाई इंदुबाईंनी सांगितलं. तर एकदा भाजू द्यायचं. पण बुंदी आपण होऊन तारेवर जाणार कशी? "तू मांडवात उभी ऱ्हा नि बोलव गो तिला," प्रविण म्हणाला, "तुझ्याच हाकेला येते ती." शकू उभी राहिली. हाक मारली. बुंदी पडवीतून कान मागे टाकून निघाली, ती टुकटुक तिला कळलीसुद्धा नसेल, आणि मग... कुत्र्याच्या तोंडून असा आवाज शकूने कधी ऐकला नव्हता. कोलमडून पडल्यावर बुंदीने तारेकडे पाहिलं नाही – तार मातीखाली, तिला काय दिसणार – तिने शकूकडे पाहिलं. "अजून एकदा," प्रविण म्हणाला, आणि शकूने अजून एकदा हाक मारली. का मारली? आणि ती आली... एकदा पोळूनही आली, मी बोलावलं म्हणून आली.

पुढे ऑर्डरी वाढल्या. या घरात मांडव वाढला की खुंट्या, दोऱ्या, सगळं एका झटक्यात घराकडे सरकवायचं. त्यांच्याबरोबर तारही सरकली, ती थेट पडवीच्या पायरीखाली आली. तार कुठे पुरली ते दाखवणारी खुणेची छोटी निशाणं तर फळ्या वाहणाऱ्या बायांच्या लुगड्यांत अडकतात म्हणून आधीच उपटलेली. माणसांना सांगितलं, बुंदीला कोण सांगणार? काल जिथे शकूच्या हातून भाकरी खाल्ली, तिथेच आज शकूच्या हातातल्या भाकरीकडे तोंड नेताना झटका. तेव्हापासून ती पडवीतल्या पोत्यावर बसली ती बसलीच. मुतायलाही खाली उतरेना. "शानी झाली गो," इंदुबाई कौतुकाने म्हणतात, "एका जागंवर ऱ्हाते." शहाणी! मग पायरीचा दगडही शहाणाच म्हणायचा.

दुपारी गडबचा काळुराम आला, गणपती ठरवायला. चहा झाला आणि प्रविणला यंत्र दाखवायचा हुरूप आला. "शकू, मांडवात जा नि बोलव तिला. काळुरामदादा, बघा आता गंमत."

पट्टा शकूच्या ओच्यात होता. सांगावं, नाही गळ्यात म्हणून... सांगितलं नाही. मांडवात जाता जाता ती मनाशी घोकत होती. पट्टा नाही म्हणजे झटका नाही. आली तर काही होणार नाही तिला, आणि येईल, माझी आहे ती, येईल! आणि आली तर यंत्र वाया, मग वडखळ... दोन्ही विचार एकाच वेळी डोक्यात होते, तरी तिने हाक मारली ती अगदी मनापासून, रोह्याच्या परसात मारायची तशी.

"बुंदी, ये!"

बुंदी उठली. कान मागे गेले, धावताना जायचे तसेच. पण शेपटी पोटाखाली गेली, पाय थरथरू लागले, उभ्या जागी ती पोत्यावर मुतली. मग तिने भिंतीकडे तोंड केलं आणि त्याच ओलाव्यात बसली.

"अरे, गळ्यात तर काय नाय तिच्या!" काळुराम म्हणाला.

प्रविणने वाकून पाहिलं आणि मांडीवर थाप मारून हसला. "पट्टा नाय तरी येत नाय! बघा! आता पट्टा हवाय कशाला?"

हैबतरावांनी मातीकामातून मान वर केली नाही. "ऱ्हाऊ दे तिला मग घरात," ते म्हणाले.

शकूला हायसं वाटलं. खरंच वाटलं, सगळ्यांत आधी तेच वाटलं, आणि मग त्या हायसं वाटण्याचीच तिला किळस आली. बुंदी राहणार होती. मागितलं होतं तेच मिळालं होतं. पुन्हा हाक मारावी, एकदाच, हळू... नाव ओठांपर्यंत आलं, पण आता मी 'बुंदी' म्हटलं की तिला दुखतं, गळ्यात पट्टा असो नाहीतर नसो. पट्टा सोडता आला, हे कसं सोडवायचं? तिने ओठ मिटून घेतले.

"अगो, तिला भाकरी घाल," इंदुबाई म्हणाल्या.

"तुम्हीच घाला," शकू म्हणाली, आणि बुंदीला आपलं तोंड दिसू नये म्हणून पडवीकडे पाठ करून उभी राहिली.