एक किलो पुढे

मुलगी काट्यावर चढली आणि तिने श्वास आत ओढून धरला. श्वास धरल्याने वजन कमी होत नाही, हे तिला कुणी सांगितलं नसेल, किंवा सांगूनही पटलं नसेल. तिची आईही असाच श्वास धरायची. दाराशी उभ्या असलेल्या ग्रंथपालांना त्या आईचं पत्र आठवलं. आठवलं म्हणायचं इतकंच. विसरले होते कधी?

पत्र येऊन वर्ष होत आलं होतं. उत्तर लिहायचं म्हणून त्यांनी ते हाताशी, वाचत्या पुस्तकात ठेवलं. पुस्तक संपलं की ते दुसऱ्या पुस्तकात जायचं. घड्या विरत चालल्या होत्या आणि मजकूर पाठ झाला होता.

‘सर, काल वजन केलं. चौऱ्याण्णव. हसू नका. घरात सगळ्यांना वाटतं मी चोरून खाते. नणंद तर म्हणाली, कपाटाला कुलूप घाला. गमतीने हो. नवे डॉक्टर म्हणतात, खेळण्यासाठी जे पुन्हापुन्हा उपाशी राहून वजन उतरवतात आणि पुन्हा भरून काढतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं पुढे असं होतं. खरं आहे का? तुम्ही एवढं वाचलंय. माझी लेक आता आपल्याच क्लबात जाते. तिला वजन उतरवायला सांगतात. उतरवू देऊ का? दोन ओळी लिहा. तुमची टाचणी.’

टाचणी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. ज्यूदोच्या अठ्ठेचाळीस किलो गटात ती पोरगी समोरच्या मुलीला अशी काही टोचायची की बघत राहावं. ग्रंथपाल मुळात शाळेच्या ग्रंथालयातले. मुलींना शिकवायला कुणी मिळेना म्हणून हे काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि ते त्यांनी आधी पुस्तकांतून, मग शिबिरांतून शिकून घेतलं. मुली त्यांना पुस्तक सर म्हणायच्या. तोंडावरसुद्धा.

आज स्पर्धेआधी मुलींशी दोन शब्द बोलायला क्लबात त्यांच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाने त्यांना बोलावलं होतं. नाही म्हणायला फोन करावा लागला असता, म्हणून ते आले होते.

“किती?” मुलीने डोळे न उघडता विचारलं.

प्रशिक्षकाने दांडीवरचं वजन सरकवलं. “एकोणपन्नास. अजून किलोभर.”

“सकाळपासून पाणीपण नाही प्यायले, सर.”

“मग थुंक. पेला कुठाय?”

बाकावरच्या मुली खिदळल्या. “अगं, लिंबू आठव लिंबू,” एकीने सल्ला दिला. “मस्त पाणी सुटतं तोंडाला.”

“माझी लिंबंसुद्धा सुकलीत,” म्हणत मुलगी काट्यावरून उतरली आणि पेला घेऊन खिडकीशी जाऊन बसली.

प्रशिक्षक ग्रंथपालांजवळ सरकला. “हिची आई तुमच्या हाताखालची ना? परवा आली होती. बघवेना हो. खेळ थांबला की यांचा जिभेवरचा ताबा जातो.”

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“एक विचारू, सर? हा काटा किलोभर पुढे आहे. मला पहिल्याच वर्षी कळलं. स्पर्धेच्या ठिकाणी पोरी कायम किलोभर कमी भरायच्या. पण मी हात नाही लावला. तुमचीच शक्कल ना? एक नंबर. एकही पोर वजनात बाद होत नाही.”

एक झाली होती. फार पूर्वी, दोनशे ग्रॅमसाठी. ती पोर परतीच्या प्रवासात मांडीत तोंड खुपसून रडत होती. दुसऱ्या दिवशी क्लबात कुणी नसताना ग्रंथपालांनी दांडीच्या टोकाचा पितळी स्क्रू खिशातल्या नाण्याने फिरवला. असं करावं हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी स्वतःच्या डोक्याने केली होती.

टाचणी त्यानंतर आली. दर स्पर्धेला ती अठ्ठेचाळीसवर यायची, म्हणजे खरी सत्तेचाळीसवर. तो शेवटचा किलो कसा निघतो, हे ग्रंथपालांनी बघितलं होतं. तोवर अंगात काढण्यासारखं काही उरलेलं नसे. ओठ फुटलेले, उन्हाळ्यात दोनदोन स्वेटर, चालताना भिंतीला हात. स्पर्धेच्या काट्यावर चढल्यावर मात्र तिचा चेहरा खुलायचा. “सर, सत्तेचाळीस! कसं काय हो?” आणि ते म्हणायचे, “प्रवासात उतरलं असेल.” तिला ते पटायचं. सरांनी एवढं वाचलेलं होतं.

स्पर्धा संपली की ती आठवडाभर नुसती खात सुटायची. मग पुढची स्पर्धा यायची.

“तुम्ही पुस्तक सर ना?” मुलगी पेला हातात धरून समोर उभी होती. पेल्याच्या तळाशी जेमतेम ओल होती. “आई तुमच्या पत्राची वाट बघतेय.”

“अजून?”

“बाबा चिडवतात तिला. म्हणतात, तुझे सर गचकले असतील. ती म्हणते, सर सावकाश वाचतात, लिहिणार पण सावकाशच.” मुलीला हसायचं होतं, पण ओठ ताणले गेले आणि तिने ते जिभेने ओले करून बघितले. जीभही कोरडीच होती.

“आणि तुला काय सांगितलंय? हे असं वजन उतरवायचं, त्याबद्दल?”

“म्हणाली, पुस्तक सरांचं पत्र येईपर्यंत नव्या सरांचं ऐक.”

ग्रंथपालांचा हात खिशात गेला. किल्ल्या, रुमाल, मग नाणं. ते काट्याच्या मागे गेले. स्क्रू गंजून बसला होता. दोनदा नाणं निसटलं.

“अहो सर, काय करताय?” प्रशिक्षकाचा आवाज खाली आला. “उद्या स्पर्धा आहे.”

“उद्याच आहे ना,” ग्रंथपाल म्हणाले आणि स्क्रू फिरला. दांडीवरचं वजन शून्यावर नेऊन, रिकामा काटा समतोल होईपर्यंत त्यांनी तो फिरवला. त्यांनी मुलीला मानेनेच खूण केली. ती चढली. श्वास धरला. ग्रंथपालांनी दांडीवरचं वजन सरकवलं.

“अठ्ठेचाळीस,” बाकावरचीच कुणीतरी ओरडली. “अगं, बसलीस की गटात!”

“म्हणजे काटा बिघडला होता?” मुलीने विचारलं.

प्रशिक्षक खाली बघत होता. ग्रंथपालांनी तोंड उघडलं.

“हो, बाळ. बिघडला होता.”

तिने लगेच विश्वास ठेवला. अगदी आईसारखा. उतरून तिने पाण्याची बाटली तोंडाला लावली, आणि घशाची हालचाल थांबेपर्यंत ग्रंथपाल तिथून हलले नाहीत. मुलींसमोर ते खरोखरच दोन शब्द बोलले. “जेवून घ्या,” म्हणाले, आणि निघाले.

घरी आल्यावर ते जेवणाच्या टेबलाशी लिहायला बसले. उपासमारीत शरीर काय करतं, मग भूक कशी वाढते, कुठल्या मासिकात काय छापून आलं होतं, त्यावर दुसऱ्यांचं म्हणणं काय. चार पानं भरली. कपड्यांच्या घड्या घालता घालता बायकोने मागून डोकावून बघितलं.

“अहो, पत्र आहे की प्रबंध?”

“तिने विचारलंय, खरं आहे का. आधार द्यायला नको?”

बायकोने पानं उचलली आणि उभ्याउभ्याच वाचली. “यात जगातले सगळे विद्वान आहेत,” ती म्हणाली. “तुम्ही कुठे आहात?”

“मी?”

“ती तुम्हाला विचारतेय ना? का ग्रंथालयाला?”

ती कपडे घेऊन आत गेली. ग्रंथपाल बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि घालत राहिले. मग त्यांनी पाचवं पान घेतलं. त्यावर स्क्रूचं लिहिलं, नाण्याचं लिहिलं, प्रवासात उतरलं असेल असं कितीदा म्हणाले ते लिहिलं. तुझ्या लेकीलाही आज खोटंच सांगितलं, तिला हे तूच सांग, वजन उतरवू देऊ नकोस, वरच्या गटात खेळू दे. आणि खाली, जागा संपत आल्याने बारीक अक्षरात: हे पान घरात सगळ्यांना वाचून दाखव. नणंदेला आधी.

पोस्टात रांग होती. खिडकीमागच्या बाईने पाकीट काट्यावर टाकलं आणि कपाळाला आठी घातली.

“थोडक्यासाठी जास्त भरतंय, आजोबा. एखादं पान काढा, म्हणजे याच तिकिटात बसेल.”

ग्रंथपालांनी पाकीट परत घेतलं. डिंक अजून ओला होता. झाकण सहज सुटलं असतं. पाचवं पान सगळ्यात वर होतं. पहिली चार पानं स्वतंत्रपणे वाचली तरी पत्र पुरं वाटलं असतं.

“काढताय ना?” मागून कुणीतरी घाई केली.

“नको,” ते म्हणाले. “आहे तेवढ्याच वजनाचं जाऊ द्या. जास्तीचं तिकीट लावा.”

बाईने तिकीट चिकटवलं, शिक्का हाणला, पाकीट मागच्या पोत्यात भिरकावलं आणि पुढच्या माणसाकडे हात केला. ग्रंथपाल मात्र बाजूला होता होता थबकले आणि खिडकीतून वाकून बघत राहिले, रिकामा काटा शून्यावर येतो की नाही ते.