पिझ्झ्याला हिरवा झेंडा

श्रीकृष्णराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, पण त्यांनी हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय सीपरी बाजारातल्या त्यांच्या घरातून स्कूटरसुद्धा हलत नसे. मग ओव्हनमधल्या पिझ्झ्याची काय बिशाद!

करपल्याचा वास येताच सून चारुता धावली, तर सासरे लाल झेंडा घेऊन आडवे.

"थांब! हिरवा सापडत नाहीये."

सकाळी घाईघाईत आंबायला ठेवलेल्या मैद्यावर चारुतानेच तो ओला करून पसरला होता. तिने तो परातीतून आणून दिला. चिकटलेला मैदा खरवडून सासऱ्यांनी झेंडा गंभीरपणे हलवला.

पिझ्झा निघाला, पण कोळसा होऊन.

"बाबा, सात मिनिटं उशीर झाला!" ती रडकुंडीला आली.

"सात?" काळा तुकडा मोडत ते म्हणाले, "अगं, आमच्यात याला राइट टाइम म्हणतात."