अठ्ठेचाळीस पाय

मावशीने दोन्ही मायक्रोकंट्रोलर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि डोळ्याला भिंग लावलं.

"ह्यातली कुठली चिप घेणार?"

"मोठी," भाची म्हणाली. "अठ्ठावीस पाय, ऐसपैस. सोल्डरिंगचे डाग द्यायला सोपी."

"आणि वाजायला?"

भाचीने मोठी चिप बोटांत फिरवली. सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्याचं हे मॉड्यूल तिने स्वतः आखलं होतं. मोठ्या चिपमधून एका वेळी दोनच सूर निघत, तेही चढताना अडखळत. छोटीमधून चार निघाले असते, सलग. पण छोटीला केसाएवढे अठ्ठेचाळीस पाय, वाद्यांच्या दुकानाला मॉड्यूल हवी होती चाळीस, आणि डाग देणारी एकटी मावशी. वय अडुसष्ट.

"खरं सांग. माझ्या हातांमुळे मोठी घेतेस ना?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे." मावशीला राग आला होता आणि तो लपवायची तिला काही गरज वाटली नाही. घड्याळाच्या कारखान्यात तिने एकतीस वर्षं काढली होती. तिथे तिला सोपं काम कुणी दिलं नव्हतं. छोट्या चिपचा बोर्ड तिने स्वतःच खोक्यातून काढला. "सर बाजूला. उजेड अडवतेस."

ती डाग देत होती तेवढ्या वेळात भाचीने मोठ्या चिपचा प्रोग्राम छोटीसाठी बदलून घेतला. तासाभराने तो चिपमध्ये भरला, स्पीकर जोडला, बटण फिरवलं. ढिम्म.

भाचीची नजर आधी डागांकडे गेली. मावशीने ते बरोबर टिपलं.

"तपास," ती म्हणाली. "एकूण एक."

भाचीने मीटर लावला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पाय पक्के, एकही शेजाऱ्याला चिकटलेला नाही. मग मात्र तिने मुकाट्याने आपला प्रोग्राम उघडला. आवाज ज्या पायातून बाहेर सोडायचा, त्याचा नंबर मोठ्या चिपचाच राहिला होता.

तो बदलताच चार सूर एकदम उठले आणि कुठेही न अडखळता वर चढत गेले. भाचीचा ऊर भरून आला. तिने मावशीचा खांदा घट्ट धरला.

"चूक कुणाची होती?"

"माझी."

"होतं असं," मावशी म्हणाली. चेहऱ्यावरचं समाधान काही केल्या तिला आवरेना. "एकोणचाळीस राहिली ना? आण इकडे."