धातू नाही, औषध आहे

कणबाबांनी अंगठीचा हात वाटीवरून फिरवला आणि वाटीतला काळा लेप साळिंदरासारखा काटे फुलवून उभा राहिला. सभागृहाने एकसुरात "अहाहा!" केलं.

"नॅनो!" बाबा गरजले. "माझा कण इतका सूक्ष्म, की दिसतच नाही. दिसत नाही, हाच त्याचा पुरावा! लेप लावा, कण आत शिरतो आणि गाठ खातो."

भिंतीवर एका गळ्याची एमआरआय फिल्म लावली होती. गाठीच्या जागी काळंकुट्ट भगदाड.

"बघा, गाठ साफ! हाताला लागतं ते तिचं रिकामं टरफल."

मागच्या रांगेतला एमआरआय तंत्रज्ञ उठून उभा राहिला. ती फिल्म त्यानेच काढली होती. गळा त्याच्या आत्याचा होता. त्याला लहानाचं मोठं केलं तिने. तिच्याखेरीज त्याला एकेरी हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. घरची बेल वाजली तर ती बहुधा शेजारच्यांसाठी असे. आणि आत्याने, फिल्म हाती पडताच, डॉक्टरांच्या अहवालासाठीही न थांबता ऑपरेशन रद्द केलं होतं.

ती पुढच्या रांगेत बसली होती. तो तिच्याजवळ गेला. "आत्या, मशीनमध्ये जाताना मी विचारलं होतं ना, अंगावर धातू आहे का?"

"मग? कानातलंसुद्धा काढलं होतं."

"आणि गळ्याला हा लेप?"

"तो धातू कुठला? ते औषध आहे!"

तंत्रज्ञाने फळ्यावरचं चुंबक काढलं. त्याखालचं बाबांचं वेळापत्रक गळून पडलं. चुंबक वाटीखाली धरताच लेप काटे फुलवून उभा.

"यांच्यातही शक्ती आहे!" एक आजोबा ओरडले. लगेच रांग लागली.

"डॉक्टर, माझा गुडघा बघा."

"मी तंत्रज्ञ आहे."

"चालेल."

"माझाच शिष्य," बाबांनी घाईने सांगून टाकलं.

तंत्रज्ञाने चुंबक रांगेच्या हाती दिलं. पाच मिनिटांत बारा जणांना सिद्धी प्राप्त झाली आणि बाबांचा भाव उतरला. "अंगठीत काय आहे हो?" कोणीतरी विचारलं. बाबांनी हात खिशात लपवला. बाहेर काढला तर अंगठीला किल्ल्यांचा जुडगा लोंबत होता.

"लेपात लोखंडाची पूड आहे," तंत्रज्ञ म्हणाला. "लोखंड असलं की मशीनला तिथलं चित्र काढता येत नाही, काळं दिसतं. चुंबकी सूक्ष्मकण खरेच असतात. दवाखान्यात ते तपासून, मोजून देतात, गाठ नीट दिसावी म्हणून. इथे गाठ गेली नाही, झाकली गेली."

"तुला माझं बरं झालेलं बघवलं नाही," आत्या म्हणाली. असं ती कधीच बोलली नव्हती. घरी जाताना ती रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालली.

दुसऱ्या दिवशी मात्र गळा साबणाने घासून ती आपणहून पुन्हा तपासणीला आली. मशीन थांबलं. काचेमागे तो एकटा, आत ती एकटी.

"दिसतेय?" स्पीकरवरून तिचा आवाज.

"दिसतेय, आत्या."



"दिसतेय ना? मग काढता येईल."

वाचकहो, कोणी काही नाहीसं करून दाखवलं तर टाळ्या जरा थोपवा. आधी पुसून बघा.