तिसरं बटण

"हात मागे घ्या!" परीक्षक बाई करवादल्या, तेव्हा कुठे मावशीला कळलं की आपले हात पुढे गेलेत.

समोर खुर्चीत रिटायर झालेले पोस्टमनकाका बसले होते. अर्धांगवायूने अधू झालेल्या हाताने शर्टाची बटणं लावत होते. दोन लागली, तिसरं काही केल्या काजात जाईना. घामाघूम झाले बिचारे. मावशी बोलून गेली होती, "राहू द्या काका, मी आहे ना," आणि बटण लावून मोकळीही झाली होती.

झालं! तिसऱ्यांदा नापास. आता चौथी संधी नव्हती.

"अजून जरा जोर लावायला हवा होता मी," काका ओशाळून म्हणाले.

"तुमचं काय चुकलं हो? हे माझे मेले हात!"

वर्गातल्या पोरी पंधरा वर्षांनी लहान, म्हणून ती सगळ्यांची मावशी. ऑक्युपेशनल थेरपीत शिकायचं काय, तर जेवणं, केस विंचरणं, बटण लावणं पेशंटला परत त्याच्याच हाताने करायला लावायचं. आपण मधे पडायचं नाही. पुस्तकं तिला तोंडपाठ होती. पण कुणाची धडपड दिसली की हात शिवशिवायचे.

घरी आई पलंगावर टेकून बसली होती. नऊ वर्षांपूर्वी तिचा उजवा हात गेला. गेला कसला, पहिल्या वर्षी बोटं चांगली हलत होती की! चमचा धरायची, अर्धं सांडायची. लेकीला ते बघवायचं नाही. "राहू दे गं आई, मी आहे ना." तो हात परत आणायचा म्हणून तर ती या वयात कॉलेजात गेली. आणि तिथे दुसऱ्याच वर्षी पुस्तकात वाचलं, की न वापरलेला हात काम विसरतो. त्या दिवशी ती ग्रंथालयात ढसाढसा रडली होती. आजाराने थोडा घेतला, बाकीचा तिनेच घालवला होता.

"काय झालं गं परीक्षेचं?"

"आधी जेवून घे."

मऊ भाताची वाटी तिने आईच्या मांडीवर ठेवली. लाकडासारखी झालेली बोटं एकेक करून सोडवली आणि त्यांत चमचा दिला. "आज तू जेव. कितीही सांडू दे." आणि स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून धरले.

चमचा घरंगळून चादरीवर पडला. आईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असं काय करतेस वेड्यासारखं?" ती हसली. "तू आहेस ना."

आणि नेहमीसारखं तोंड उघडून वाट बघत बसली.